डबा उलटा करून वाचा: वजनाच्या पावडरी आणि घरची भाकरी

बार्शीत माझं मेडिकल आहे. वजन कमी करायच्या पावडरी, गोळ्या, हिरवे चहा हे सगळं आमच्या मागच्या फळीवर असतं आणि लग्नसराईच्या तोंडावर ती फळी भराभर रिकामी होते. मी ते विकते. पण द्यायच्या आधी डबा उलटा करून पाठीमागची बारीक अक्षरं गिऱ्हाइकाला वाचायला लावते. वाचूनही हवाच असेल तर खुशाल न्या. बरेच जण मात्र परत ठेवतात. काउंटरवर मागे रांग असते म्हणून निम्मंच सांगून होतं, ते इथे सगळं सांगते.

आधी टेप

वजन कमी करायचंय की नाही हे आरशाला विचारू नका, शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्यायचं. पोट आत ओढून घेतलेलं माप आपल्याच नवऱ्याला दाखवायला ठीक आहे, बाकी उपयोगाचं नाही. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा ९० च्या वर असेल तर पोटात चरबी साठली आहे असं धरा. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. परदेशी तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० असतात, मोबाईलवर ते दिसले की लोक खूश होतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी २३ म्हणजे साधारण ५५ किलो आणि २५ म्हणजे ६० किलो.

खाण्यात काही बदल नसताना वजन चढत असेल, पाळी पुढेमागे होत असेल, केस गळत असतील, सारखा थकवा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून थायरॉईड आणि शुगर तपासून घ्या. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर त्यानंही वजन वाढतं, आणि त्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. अशा माणसाला पावडर देणं म्हणजे आजार झाकून ठेवणं.

डब्यावर काय वाचायचं

सगळ्यात आधी बघा की ते खाद्य म्हणून विकलं जातंय की औषध म्हणून. खाद्य असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो. शिवाय 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना इंग्रजीत छापावी लागते. ही सूचना बहुतेक वेळा सगळ्यात लहान टायपात असते, चष्मा लावा. आयुर्वेदिक औषध असेल तर तसा उल्लेख आणि औषध उत्पादनाच्या परवान्याचा नंबर असतो. दोन्हीतलं काहीच नाही, नुसतं 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि खाली एक व्हॉट्सॲप नंबर, असलं पाकीट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि परवाना आहे म्हणजे गुण येणारच असंही समजू नका. बनवायची परवानगी आहे, एवढंच त्यातून कळतं.

मग जाहिरातीची भाषा. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे. कोणकोणते आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायची नाही, त्यांची यादी त्यात आहे आणि लठ्ठपणा त्या यादीत आहे. म्हणून हुशार कंपन्या 'वजन घटवतो' असं सरळ लिहीत नाहीत. 'वजन नियंत्रणास मदत' असं लिहितात, शेजारी एक चांदणी काढतात आणि त्या चांदणीचा खुलासा तळाशी असतो: समतोल आहार आणि नियमित व्यायामासोबत. एका बाईंनी हे वाचलं आणि म्हणाल्या, "मग डबा कशाला, आहार-व्यायामच करते की." मी काय बोलणार!

शेवटी घटकांची यादी. जे जास्त असतं ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिल्या तिनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली स्वस्त पावडर) दिसलं तर तुम्ही महागडं पिठीसाखरेचं दूध पिणार आहात. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, असं लिहून आत बारा वनस्पतींची नावं असतील तर कुठली किती हे कळायला मार्ग नसतो. चिमूटभर घालूनही नाव छापता येतं.

आत काय असतं

गार्सिनिया सगळ्यात जास्त खपतो. कोकमाच्या कुळातलंच फळ, मलबारकडे माशाच्या कालवणात घालतात ते. आमच्याकडे लोक त्यालाच कोकम समजतात आणि मग आगळ आणून उपाशीपोटी पितात. यातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावर अमेरिकेत १९९८ साली १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली होती. खरी गोळी आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत फरक निघाला नाही. उलट गार्सिनियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. सोलकढी प्या, चवीसाठी प्या.

ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपानं बहुधा काही बिघडत नाही आणि फारसं काही घडतही नाही. कॅप्सूलमध्ये मात्र ईजीसीजी नावाचा घटक दाट करून भरलेला असतो. दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त पोटात गेला की रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. डब्यावर हा आकडा शोधा. सापडला नाही तर ठेवून द्या.

'डिटॉक्स', 'स्लिम' असल्या नावांच्या चहांत बऱ्याचदा सोनामुखी असते. यादीत ती 'सेन्ना' किंवा 'स्वर्णपत्री' या नावानं सापडेल. ती जुलाबाची वनस्पती आहे. दोन दिवसांत काटा एक किलो खाली येतो, कारण पाणी आणि मळ बाहेर गेला. चरबी आहे तिथेच आहे. महिनोन्महिने घेत राहिलं तर पोटॅशियम घसरतं आणि आतड्यांना त्या चहाशिवाय चालायची सवय उरत नाही. तरण्या मुली हे पाकीट गुपचूप मागतात, आणि मी ते देत नाही. भांडण झालं तरी.

तंतूंच्या पावडरी, म्हणजे इसबगोल, ग्लुकोमॅनन (एका कंदातला तंतू), यांच्याबद्दल माझं मत बरं आहे. पोट भरल्यासारखं वाटतं, हे खोटं नाही. ग्लुकोमॅननच्या बाबतीत युरोपात दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर आणि खाणं कमी केलेलं असताना, इतक्या अटी घालून दावा मान्य झालेला आहे. पाण्यात कंजूषपणा केला तर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतं. साधा इसबगोल त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

सफरचंदाच्या व्हिनेगरचं खूळ अजून उतरलेलं नाही. २०२४ साली लेबनॉनमधल्या तरुणांवरचा एक शोधनिबंध गाजला आणि आमच्याकडच्या बाटल्या संपल्या. तो निबंध २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मासिकानं मागे घेतला, ही बातमी मात्र दुकानात कुणी घेऊन आलं नाही. व्हिनेगर पातळ न करता प्यायलं की दातांचं आवरण झिजतं.

आणि एक गोष्ट जी डब्यावर लिहिलेलीच नसते. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयाला धोका दिसला म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं आणि २०११ मध्ये भारतानंही त्यावर बंदी घातली. पण 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांत ते चोरून मिसळलेलं जगभरात पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे. झाडपाल्यानं चार दिवसांत भूक मरत नाही. कॅप्सूल सुरू केल्यावर तोंड कोरडं पडलं, छातीत धडधड होतेय, झोप उडालीय आणि जेवणाची आठवणच होत नाही, असं झालं तर गुण आला म्हणून आनंदू नका. बंद करा आणि रक्तदाब मोजून घ्या.

शेकचं, म्हणजे जेवणाऐवजी प्यायच्या पावडरीच्या पेयाचं, थोडं वेगळं आहे. सकाळ-संध्याकाळ दोन-अडीचशे कॅलरीचा असा ग्लास घेतला तर वजन उतरतं, यात खोटं काही नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली मधुमेही लोकांना काही महिने फक्त अशा पेयांवर ठेवून २०१७ साली चांगले निकाल आले होते. पण पहिल्या आठवड्यात जे अडीच-तीन किलो उतरतात, ज्याचे फोटो शेक विकणारी गल्लीतली ताई ग्रुपवर टाकते, त्यात पाणीच जास्त. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी गेलं. डबा बंद करून पोळी-भात सुरू केला की ते परत येणारच, आणि तेव्हा ताई म्हणते, "मॅडम, बघा, बंद केल्यामुळे वाढलं."

चालू गोळ्या असतील तर

हा भाग कृपा करून गाळू नका. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतल्यावर लगेच तंतूची पावडर किंवा कॅल्शियम-लोह असलेला शेक घेतला तर गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास जाऊ द्या. शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही जेवण निम्म्यावर आणलंत तर दुपारी घाम फुटून चक्कर येईल. आहार बदलायच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा, नंतर नाही. बीपी असणाऱ्यानं 'फॅट बर्नर', म्हणजे चरबी जाळतो म्हणून विकतात ते, घेऊ नये, त्यात बहुधा कॅफिन ठासून भरलेलं असतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मी यातलं काहीच देत नाही.

आता स्वयंपाकघर

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. त्यात आठवड्याला अर्धा किलो उतरणं हा सुरक्षित वेग सांगितला आहे, आणि दिवसाला हजार कॅलरीच्या खाली जाऊ नका असंही. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी. अर्धा किलो उतरवायचं तर दिवसाला साडेपाचशे कमी व्हायला हव्यात. त्या कुठून काढायच्या? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तेलातून.

त्याच सूचनांत २,००० कॅलरीच्या ताटाला वरून घालायचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. आपण पळीनं ओततो, त्यामुळे किती गेलं कळत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला मापाचं टोपण असतं ना, ते स्वच्छ धुऊन तेलाच्या किटलीशेजारी ठेवा. १० मिलीची खूण असते. माणशी दिवसाला असली तीन टोपणं, तूप धरून. एका टोपणात ८० कॅलरी आहेत. फोडणीला, पोळीला, भजीला मिळून किती जातंय ते आठवडाभर मोजा. दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे. १५ किलोचा डबा उघडला की त्यावर मार्करनं तारीख टाका. चार मोठ्या माणसांच्या घरात तो साडेचार महिने पुरला पाहिजे. तुमच्याकडे दोन महिन्यांत संपत असेल तर माझ्या फळीवरचा कुठलाच डबा तुम्हाला उपयोगाचा नाही.

भाकरीबद्दल जरा नावडतं बोलते, आणि तेही मालदांडी ज्वारीच्या मुलखात राहून. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरींचा फरक जवळजवळ नाहीच, शंभर ग्रॅमला दोन्ही तीनशेवीस-तीनशेचाळीसच्या आसपास. अख्ख्या गव्हाच्या आट्यात तंतूही ज्वारीइतकेच असतात. मग भाकरी का खायची? कारण ती पाण्यावर थापली जाते, घडीला तेल लागत नाही, वर तूप फिरवायची रीत नाही, चावायला वेळ लागतो आणि दीड भाकरीत माणूस थांबतो. घडीच्या पोळ्या बोलता बोलता चार जातात. पण भाकरीवर लोण्याचा गोळा, शेजारी तेलात पोहणारं पिठलं, वर शेंगांची चटणी आणि त्या चटणीत पुन्हा तेल, असं जेवून "मी तर भाकरीच खाते" म्हणू नका. आमच्या सासूबाई खुरपायला जायच्या तेव्हा तीन भाकरी खायच्या आणि अंगावर मांस नव्हतं. मी दिवसभर काउंटरमागे उभी असते, मला त्यांची भाकरी चालते, त्यांची भूक चालत नाही.

ताट असं मांडा: दीड भाकरी, वाटीभर घट्ट उसळ किंवा आमटी, आणि भाजी भाकरीपेक्षा जास्त. इथेच आपले जुने पदार्थ कामाला येतात. मेथीचा घोळाणा करा: कोवळी मेथी, कांदा, मीठ, लिंबू, चमचाभर कूट, फोडणी नाहीच. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवा आणि लसणाची फोडणी प्रत्येकाच्या ताटात वरून द्या, पातेल्यात नको. तेल निम्मं लागतं आणि चव पुढे येते. हुलग्याचं माडगं थंडीत रात्रीच्या जेवणाला पुरतं. मोडाची मटकी, हुलगे, चवळी यांच्यात शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्याला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हाताऱ्या माणसांना किंवा दात नसलेल्यांना प्रथिनांची पावडर उपयोगी पडते, मी नाकारत नाही. पण धडधाकट माणसानं आधी उसळ वाढवावी.

शेंगांचं कूट हा आमच्या सोलापूरकडचा खास मोह, प्रत्येक भाजीत पडतं. शेंगदाणे चांगलेच आहेत, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. सुकामेवा, दाणे, तीळ, जवस सगळं मिळून दिवसाला ३५ ग्रॅम, म्हणजे मूठभर. कूट डब्यातून हातानं घालायचं सोडून चमच्यानं घाला.

उपवासाची गंमत वेगळीच. एकादशी दुप्पट खाशी, हे आपणच म्हणून ठेवलंय. साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट, अर्धा बटाटा आणि दीड टोपण तूप धरलं तर एका बशीची खिचडी पाचशे कॅलरीच्या घरात जाते, आणि साबुदाण्यात पिष्टाशिवाय काही नसल्यानं दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग वेफर्स, मग केळं, मग राजगिऱ्याचा लाडू. उपास करायचाच असेल तर वरईचा भात, पातळ दाण्याची आमटी, काकडी, ताक यावर करा, किंवा एक वेळ उकडलेलं रताळं. वजनासाठी आठवड्यात तीन उपास धरणाऱ्या बायकांना मी आधी विचारते, त्या दिवशी नक्की काय काय खाल्लं ते लिहून आणा. कागद घेऊन परत येणाऱ्या कमीच.

चहाचं थोडक्यात: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दोनशे कॅलरी, दूध वेगळं, सोबतची खारी वेगळी. कप कमी होत नसतील तर साखर पावपाव चमच्यानं उतरवा, दोन-तीन आठवड्यांत जीभ सवयीची होते. सकाळच्या कोमट पाण्यात मध घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात. जिऱ्याचं पाणी प्या, त्यानं चरबी वितळत नाही, पण चहाचा एक कप वाचतो.

२०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीची बिस्किटं, नाचणीचे चिप्स, बाजरीचे नूडल्स आलेत. त्यांनाही वरचाच नियम. पाकीट उलटं करा. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि ज्वारी पाच टक्के, असं पुष्कळदा निघतं.

रात्रीचं जेवण लवकर उरका, असं मी सांगते तेव्हा दुकानदार मंडळी हसतात. साडेनऊला शटर ओढून घरी जाणाऱ्यांनी काय करायचं? त्यांनी सहा-साडेसहाला घरून आणलेली भाकरी-उसळ दुकानातच खावी आणि घरी जाऊन फक्त ताक किंवा कढण घ्यावं. आम्ही तेच करतो. पूर्वी त्या वेळी समोरच्या गाड्यावरून भजी यायची.

काटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उठल्यावर. रोज चढू नका. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली की किलोभर पाणी वरखाली होतं आणि उगाच जीव खालीवर होतो. टेप महिन्यातून एकदा.

डबा आधीच घेतला असेल तर

बिल आणि डबा दोन्ही जपून ठेवा, लेबल फाडू नका, बॅच नंबर त्यावरच असतो. लघवी गडद पिवळी व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा आणि डबा सोबत न्या. 'आयुर्वेदिकच आहे, त्यानं काय होतंय' म्हणून सांगायचं टाळू नका. संशय आला तर तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर करता येते, औषध म्हणून विकलं असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात. आणि २०२५ पासून भारतात आलेल्या वजनाच्या इंजेक्शनांबद्दल विचारायचं असेल तर मला विचारू नका. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याच मेडिकलमधून घ्यायची नाहीत, माझ्याकडूनही नाही.